तासभर खाली, दोन-चार मिनिटं वर: चोचवाला देवमासा बघायचा कसा

चोचवाला देवमासा म्हणजे बीक्ड व्हेल बघायला निघणार असाल तर दुर्बिणीच्या आधी घड्याळ घ्या, मोबाईलचा स्टॉपवॉच चालेल पण तो हवाच. स्पेनच्या एल हिएरो बेटावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन अख्ख्या सकाळी नुसता पाण्याकडे बघत बसलो आणि काहीच दिसलं नाही, तिसऱ्या सकाळी ९ वाजून ५२ मिनिटांनी तीन पाठी वर आल्या आणि गेल्या, आणि मी सहज वहीच्या कोपऱ्यात ९.५२ एवढंच लिहून ठेवलं. त्या एका आकड्याने पुढचा सगळा दिवस बदलला, ते खाली येईलच. या प्राण्याला शोधताना डोळ्यांपेक्षा वेळेचा हिशोब जास्त कामाला येतो, म्हणून आधी त्याची डुबकी नीट समजून घ्या आणि मगच समुद्राकडे बघायला बसा.

थोडी ओळख करून देतो. या कुळात सुमारे २४ जाती आहेत, जगातल्या सगळ्या व्हेल आणि डॉल्फिन धरले तर जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तरी आपल्यातल्या बहुतेकांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं. कारण ते किनाऱ्याजवळ फिरकत नाहीत, वर आले तर उड्या मारत नाहीत, फवारा इतका बुटका की थोडं वारं असलं तरी दिसत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका कवटीला नाव दिलं तेव्हा त्याला वाटलं हा प्राणी पृथ्वीवरून केव्हाच संपलाय. तोच आज त्याच्या नावाने ओळखला जाणारा क्युव्हिएज बीक्ड व्हेल, ध्रुवांकडचं पाणी सोडलं तर जगभरच्या खोल समुद्रात राहतो. त्याला जिवंत असताना मेलेला ठरवलं गेलं कारण तो वर दिसतच नाही, आणि दिसत नाही कारण त्याचं सगळं आयुष्य खाली चाललेलं असतं.

आधी डुबकी समजून घ्या

रेकॉर्डचे आकडे आधी सांगतो म्हणजे अंदाज येईल. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडे क्युव्हिएज व्हेलवर सॅटेलाईट टॅग लावून जो अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापून आला, त्यात एक डुबकी २९९२ मीटरची निघाली. आपली कळसूबाई १६४६ मीटर. कळसूबाई उलटी करून समुद्रात बुडवली तर तिच्या टोकाच्याही खाली हा प्राणी आणखी तेराशे मीटर गेला. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे तिथे आपल्या अंगावर असतो त्याच्या तीनशे पट दाब. आणि वेळेचं रेकॉर्ड अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप हॅटरासजवळचं, २२२ मिनिटं, म्हणजे ३ तास ४२ मिनिटं एका श्वासावर. ते २०२० मध्ये जाहीर झालं. अर्थात त्या व्हेलच्या भागात त्याआधी नौदलाच्या सोनारचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून शोध घेणाऱ्या यंत्राचा, आवाज होऊन गेलेला होता, त्यामुळे ती डुबकी रोजची धरू नका. त्याच अभ्यासात साडेतीन हजारांहून जास्त डुबक्या मोजल्या होत्या, त्यात नेहमीची खोल डुबकी तासाभराची, आणि ७७.७ मिनिटांच्या पुढे गेलेल्या शंभरात फक्त ५.

तुम्हाला कामाचे आकडे हे रोजचेच. कॅनरी बेटं आणि इटलीजवळचा लिगुरियन समुद्र इथे दोन जातींवर टॅग लावून २००६ मध्ये जी सरासरी निघाली ती अशी: क्युव्हिएज व्हेलची शिकारीची डुबकी १०७० मीटर आणि ५८ मिनिटं, ब्लेनव्हिल्स व्हेलची ८३५ मीटर आणि साधारण ४७ मिनिटं. हे ५८ आणि ४७ वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता एक काम करा, कागद घ्या आणि डुबकीचा ग्राफ स्वतः काढा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, हाताने काढलं की बसतं. आडवी रेघ म्हणजे वेळ, वरची कड म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, आणि खोली वरून खाली मोजायची. पहिली रेघ जवळजवळ सरळ खाली ओढा, कारण उतरताना तो डोकं खाली करून उभाच्या उभा जातो, सेकंदाला दीडेक मीटर, म्हणजे आपण झपझप चालतो तेवढ्या वेगाने, आणि दहा-बारा मिनिटांत ब्लेनव्हिल आठशे-हजार मीटरवर पोचलेला असतो. उतरताना दोन्ही पर छातीच्या बाजूला असलेल्या खळग्यांत बसवून घेतो, अंगात तसे खास खिसे आहेत, त्यामुळे शरीर गुळगुळीत होऊन पाणी कमी अडतं. सुरुवातीचे काही शे मीटर तो एकदम गप्प असतो. मग खाली पोचता पोचता क्लिक सुरू होतात.

तळाशी रेघ आडवी काढा पण नागमोडी, कारण इथे तो वरखाली होत शिकार शोधतो. सेकंदाला दोन-तीन क्लिक, प्रत्येक क्लिक २५ ते ५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला, आपला कान २० च्या पुढे ऐकत नाही त्यामुळे शेजारून गेला तरी आपल्याला शांतताच. तो प्रतिध्वनी ऐकून माकूळ म्हणजे स्क्विड कुठे आहे ते ठरवतो, आणि अगदी जवळ पोचला की क्लिक एकमेकांत मिसळून सेकंदाला शेकड्याने होतात, त्याला बझ म्हणतात. प्रत्येक बझ म्हणजे माकूळ पकडायचा एक प्रयत्न. एका डुबकीत असे तीसेक प्रयत्न होतात, म्हणजे ग्राफच्या तळावर तीसेक ठिपके द्या. पकडतो कसा, तर चावून नाही, दात तर माद्यांना हिरडीबाहेर येतही नाहीत. गळ्याखाली दोन चिरा असतात, त्यामुळे गळा फुगतो, जीभ पिस्टनसारखी मागे खेचली की तोंडात पोकळी होते आणि माकूळ पाण्यासकट आत ओढला जातो. आपण शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने ओढतो ना, तसंच.

परतीची रेघ तिरकी काढा, लांबलचक. वर येताना तो घाई करत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत गप्प होतो. एल हिएरोला वर्षानुवर्षं काम करणाऱ्या नाताचा आगिलार दे सोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की कळपातले सगळे एकत्र उतरतात, खाली जवळपास एकाच वेळी क्लिक करतात, मग सगळे मिळून गप्प होतात आणि तिरके तिरके वर येतात, शेवटचा क्लिक जिथे झाला तिथून सरासरी किलोमीटरभर बाजूला. कारण वर किलर व्हेल असू शकतो. किलर व्हेल हजार मीटरवर जात नाही पण आवाज ऐकून वर दबा धरून बसू शकतो, आणि तासाभराने दमून वर आलेला प्राणी त्याच्यापुढे टिकणार नाही. म्हणून आवाज फक्त खोलात करायचा आणि वर कुठे निघणार याचा पत्ता कोणाला लागू द्यायचा नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून होतो, तीन-चार प्राणी, मिट्ट काळोखात, एकमेकांना दिसत नाहीत आणि तरी सगळे एकदम गप्प होतात.

वर आल्यावर दोन-चार मिनिटं श्वास, आणि मग ग्राफवर छोटे छोटे खड्डे काढा. म्हणजे एक खोल विहीर, मग उथळ खड्ड्यांची रांग, मग परत विहीर. या उथळ डुबक्या दहा ते वीस मिनिटांच्या, त्यात ते क्लिक करत नाहीत, म्हणजे शिकार नाहीच. क्युव्हिएज दोन खोल डुबक्यांच्या मध्ये साधारण तास घेतो, ब्लेनव्हिल दीड तास. हे खड्डे कशासाठी यावर दोन मतं आहेत, एक म्हणजे शरीरात साचलेलं ऑक्सिजनचं कर्ज फेडण्यासाठी विश्रांती, दुसरं म्हणजे वर जास्त वेळ राहिलं तर किलर व्हेल गाठेल म्हणून पृष्ठभागापासून दूर राहणं. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं, नुसती विश्रांतीच हवी असती तर वर तरंगत पडून राहणं सोपं होतं.

श्वास पुरतो कसा हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो म्हणून थोडक्यात. आपण श्वास रोखला की भिस्त फुफ्फुसातल्या हवेवर, यांची भिस्त रक्तावर आणि स्नायूंवर. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं की मांस जवळजवळ काळं दिसतं, आणि ऑक्सिजनचा साठा तिथे असतो. खाली गेलं की फुफ्फुसं दाबाने मिटतात, त्यामुळे नायट्रोजन रक्तात घुसायला फारसा वाव राहत नाही, हृदयाचे ठोके कमी होतात, रक्त जिथे गरज तिथेच जातं. तरीसुद्धा शरीराच्या मापावरून गणित केलं तर क्युव्हिएजचा ऑक्सिजन साधारण ३३ मिनिटांत संपायला हवा, आणि तो रोज तासभर खाली राहतो. पुढचा वेळ तो ऑक्सिजनशिवाय स्नायू चालवून काढत असणार, आणि त्याचा संथपणा बघितला तर मुळात खर्चच फार कमी करत असणार.

कुठे बसायचं

आता जागा. शाळेच्या भूगोलातला सागरतळाचा धडा आठवा, समुद्रबूड जमीन आणि तिच्या पुढे खंडान्त उतार. हे प्राणी खंडान्त उताराचे, समुद्रबूड जमिनीवर त्यांचं काही काम नाही. मुंबईसमोर ही समुद्रबूड जमीन दोनशे किलोमीटरच्या पुढे पसरलेली आहे, म्हणून दापोली, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर तुम्ही आयुष्यभर बसलात तरी डॉल्फिन दिसतील, बीक्ड व्हेल नाही. जागा अशी हवी की किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर हजार मीटर खोली लागेल, म्हणजे ज्वालामुखीची बेटं किंवा समुद्रातल्या घळी. हवाई, बहामाज, लिगुरियन समुद्र, अशा जागा आहेत, पण मी एल हिएरोच सांगेन कारण तिथे बोट लागत नाही.

एल हिएरो स्पेनच्या कॅनरी बेटांत अगदी नैऋत्येच्या टोकाला. तेनेरिफेला उतरून लोस क्रिस्तियानोस बंदरातून फेरी घ्यायची, किंवा छोटं विमान. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना सुट्टीत सहज जमण्यासारखं आहे, मी जर्मनीतून गेलो. बेटाच्या दक्षिण टोकाला ला रेस्तिंगा नावाचं कोळ्यांचं गाव, २०११ मध्ये याच गावासमोर समुद्राखाली ज्वालामुखी फुटला होता. गावाच्या पश्चिमेला जो समुद्र आहे त्याला मार दे लास काल्मास म्हणतात, शांत समुद्र, आणि नाव खरं आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे बेटाच्या डोंगराला अडतात आणि या बाजूला पाणी निवांत राहतं. त्यात बेट म्हणजे समुद्रतळावरून उभा राहिलेला ज्वालामुखी, त्यामुळे काठावरून थोडं पुढे गेलं की हजार मीटर. ब्लेनव्हिल आणि क्युव्हिएज दोन्ही इथे वर्षभर राहतात, आणि ला लागुना विद्यापीठाचे लोक कड्यावर बसूनच त्यांच्यावर नजर ठेवतात. तुम्हीही तेच करायचं.

काही जणांना बिस्केच्या उपसागरातून जाणारी इंग्लंड-स्पेन फेरी आवडते, तिथेही क्युव्हिएज दिसतात, स्पेनच्या बाजूच्या घळींवर. पण हिशोब करून बघा: फेरी तासाला ३७ किलोमीटर जाते, दोन्ही दिशांना दोन-दोन किलोमीटर दिसतंय असं धरा, तर एका व्हेलच्या टप्प्यात तुम्ही साडेसहा मिनिटं असता. तो खोल डुबकीत तासभर खाली आणि दोन मिनिटं वर, म्हणजे बरेचसे तुम्हाला न दिसता खालून जाणार. कड्यावर बसलेल्या माणसाला मात्र थांबता येतं.

बसल्यावर काय करायचं

सामान फार नको. ८ बाय ४२ किंवा ७ बाय ५० ची दुर्बीण, जमलं तर ट्रायपॉड, वही, पेन्सिल, टोपी, भरपूर पाणी, कारण लाव्हाच्या काळ्या दगडावर अकरा वाजताच चटके बसायला लागतात. काळा चष्मा पोलराइज्ड घ्या. सकाळी लवकर जा, तो किनारा नैऋत्येकडे तोंड करून आहे म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि दुपारनंतर पाणी चमकायला लागतं, मग डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही. पाणी कसं आहे ते आधी बघा, ताटात ठेवल्यासारखं सपाट असेल तर उत्तम, बारीक सुरकुत्या असतील तर चालेल, लाटांवर पांढरा फेस फुटायला लागला असेल तर सरळ गावात जाऊन जेवा, त्या दिवशी होणार नाही.

उंचावर बसा. पण किती उंच याचा हट्ट नको, पन्नास-शंभर मीटर पुरे, लांबचं क्षितिज दिसतं म्हणून तिथे बघत बसू नका, पाठ ओळखू येते ती चार-पाच किलोमीटरच्या आतच. आधी नुसत्या डोळ्यांनी पूर्ण पाणी डावीकडून उजवीकडे, मग दुर्बिणीने पट्टे पाडून, जवळचा पट्टा, मधला, लांबचा. एक फेरी दोन मिनिटांत पूर्ण व्हायला हवी, याला कारण आहे, क्युव्हिएज दोन डुबक्यांच्या मध्ये कधी कधी जेमतेम दोन मिनिटं वर असतो, तुमची फेरी पाच मिनिटांची असेल तर तुम्ही डावीकडे बघताना तो उजवीकडे येऊन गेलेला असेल. दोघं असाल तर पाणी वाटून घ्या आणि गप्पा मारताना एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका, समुद्राकडे बघत बोला.

काय शोधायचं, तर उडी नाही, फवारा नाही, गुळगुळीत तपकिरी किंवा करडी पाठ आणि तिच्यावर छोटा पर, आणि तो पर पाठीच्या मधोमध नसून बराच मागे, दोन तृतीयांश अंतरावर. ही खूण पाठ करून ठेवा. त्या भागात पायलट व्हेल दिसले तर त्यांचा पर पुढे, डोक्याकडे असतो आणि रंग कोळशासारखा, आणि डॉल्फिन असतील तर ते एका जागी शांत राहणारच नाहीत. ब्लेनव्हिल वर येताना बऱ्याचदा आधी चोच पाण्याबाहेर तिरकी काढतो, मग डोकं, मग पाठ. तो साधारण साडेचार मीटरचा, क्युव्हिएज साडेपाच ते सातच्या दरम्यान, डोकं हंसासारखं उतरतं आणि म्हाताऱ्या नराचं तर जवळजवळ पांढरं.

आता ती ९.५२ ची गोष्ट. तीन पाठी दिसल्या होत्या त्या ब्लेनव्हिलच्या, पाच-सहा श्वास घेतले, शेवटच्या श्वासाला पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच झाली आणि एकामागोमाग एक तिघं गेले. कमान उंच झाली की डुबकी खोल असण्याची शक्यता जास्त. तरी खात्री नसते, म्हणून नियम असा की शेवटची पाठ बुडताच स्टॉपवॉच सुरू करायचा आणि पंचवीस मिनिटं वाट बघायची. तेवढ्यात वर आले तर उथळ खड्डा, स्टॉपवॉच परत शून्यावर. पंचवीस उलटली तर विहीर समजायची, आणि ब्लेनव्हिल असेल तर चाळिसाव्या मिनिटापासून, क्युव्हिएज असेल तर पन्नासाव्यापासून डोळे लावून बसायचं. मधल्या वेळात खा, पाणी प्या, डोळ्यांना विश्रांती द्या, कारण नंतर पापणी लवू द्यायची नाही.

मी साडेदहाला उठणार होतो, वहीवरचा आकडा दिसला, ९.५२ मध्ये ४७ मिळवले तर १०.३९, म्हणून बसून राहिलो. १०.३९ ला काही नाही. १०.४१ ला काही नाही. मी जिथे ते बुडाले तिथेच दुर्बीण रोखून बसलो होतो आणि ही चूक होती, ते तिरके येतात, किलोमीटरभर सरकून येतात हे वाचलेलं होतं पण त्या क्षणी आठवलं नाही. १०.४३ ला सहज दुर्बीण खाली केली आणि बरंच डावीकडे, काठाच्या खूपच जवळ, पाण्यातून एक चोच बाहेर आली. इतकं शांत होतं की श्वासाचा आवाज वर आला, फुस्स असा, ओला, छोटा. नर होता. त्याचा खालचा जबडा मधे कमानीसारखा वर चढलेला आणि त्या कमानीच्या टोकावरच्या दाताला बार्नॅकलचे, म्हणजे चिकटून राहणाऱ्या छोट्या समुद्री जिवांचे, काळपट झुबके लोंबत होते, कानात डूल घातल्यासारखे. पाठीवर नरांच्या मारामारीचे लांब पांढरे ओरखडे, आणि गोल गोल पांढरे डाग, ते कुकीकटर नावाचा छोटा शार्क मांसाचा गोळा काढून नेतो त्याचे. बाकी दोघी मागून आल्या. चार मिनिटं वर होते. मी फोटो काढलाच नाही, आठवलंच नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, वाट बघताना नजर कुठे फिरवायची याचं माप हाताने करा. हात सरळ पुढे करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. व्हेल तुमच्यापासून तीन किलोमीटरवर बुडाला असेल तर तिथला किलोमीटरभर म्हणजे दोन मुठी, मग बुडाल्या जागेच्या डावीकडे दोन-तीन मुठी आणि उजवीकडे दोन-तीन मुठी एवढा टापू सतत फिरत राहायचा, आणि पुढे-मागेही. जवळ बुडाला असेल तर मुठी वाढवा.

बोटीतून जाणार असाल तर

शक्यतो जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय. आपल्याकडे डॉल्फिन राईडला बोटी कशा घेरतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण डॉल्फिन निदान मिनिटाला श्वास घेतो. याला तासभर खाली राहून दोन-चार मिनिटंच मिळतात, त्या मिनिटांत इंजिन त्याच्या डोक्यावर आलं तर तो श्वास अर्धा सोडून परत जाणार. शिवाय हा आवाजावर जगणारा प्राणी आहे आणि आवाजाने मेलेलाही. १९९६ मध्ये ग्रीसला, २००० मध्ये बहामाजला, लष्करी सोनारच्या चाचणी-सरावानंतर बीक्ड व्हेल किनाऱ्यावर येऊन पडले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांवरच, लान्झारोते आणि फुएर्तेवेंतुराच्या किनाऱ्यांवर, १४ जण आले. त्यांचं शवविच्छेदन झालं तेव्हा रक्तवाहिन्यांत आणि अवयवांत गॅसचे बुडबुडे आणि चरबीचे कण सापडले, म्हणजे पाणबुडा खोलातून घाईने वर आला की त्याला जो त्रास होतो त्यासारखं काहीतरी. इतक्या जपून बांधलेला तो ग्राफ, ती सरळ रेघ, तो नागमोडी तळ, ती तिरकी परत यायची वाट, घाबरल्यामुळे कुठेतरी मोडली असणार. २००४ मध्ये स्पेनने कॅनरी बेटांभोवती ५० सागरी मैलांत अशा सोनारवर बंदी घातली आणि त्यानंतर तिथे तसं सामूहिक मरण झालेलं नाही. एक नियम केला आणि थांबलं, यापेक्षा सरळ पुरावा मला तरी माहीत नाही.

तरी बोटीत बसलातच तर नावाड्याला आधीच सांगून ठेवा, व्हेल दिसला की जवळ न्यायचं नाही, वेग कमी करून आहे तिथे थांबायचं, त्याच्या वाटेत पुढे जाऊन उभं राहायचं नाही. तो बुडाला की त्या जागी धावत जाण्यात अर्थ नाही, तो तिथे निघणारच नाहीये.

आपल्या बाजूला

हिंदी महासागरात हे प्राणी आहेत, आणि मालदीवला सुट्टीला जाणाऱ्यांनी लक्ष ठेवायला हरकत नाही, तिथे बेटांच्या बाहेरच्या बाजूला समुद्र झटकन खोल होतो आणि लाँगमन्स बीक्ड व्हेल दिसतो. ही जात कित्येक वर्षं फक्त दोन कवट्यांवरून माहीत होती, एक १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेली, दुसरी १९५५ मध्ये सोमालियात. आणखी एक जात श्रीलंकेतली, १९६३ मध्ये कोलंबोजवळ रत्मलानाला तिची एक मादी किनाऱ्याला लागली, तिथले शास्त्रज्ञ देरानियगला यांनी तिला होताऊला असं सिंहली शब्दांवरून नाव दिलं, अर्थ टोकदार चोच. नंतर ती वेगळी जात नाहीच असं ठरलं आणि शेवटी २०१४ मध्ये डीएनएवरून सिद्ध झालं की देरानियगलांचं बरोबर होतं.

कोकणात किनाऱ्याला लागणारे देवमासे बहुतेक वेळा वेगळ्या कुळातले, चाळणीवाले मोठे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू आलं होतं, गावकऱ्यांनी आणि वनखात्याने त्याला समुद्रात परत न्यायला जीव तोडून धडपड केली पण ते वाचलं नाही. पण खोल समुद्रात मेलेला प्राणी प्रवाहाबरोबर कुठूनही येऊ शकतो, म्हणून तुम्हाला वाळूत कधी चार ते सात मीटरचा देवमासा दिसला तर तीन गोष्टी बघा: गळ्याखाली व्ही आकारात दोन चिरा आहेत का, शेपटीच्या मागच्या कडेला मधोमध खाच नाही ना, आणि पर बराच मागे आहे का. तिन्हीला हो असेल तर जबड्याचा बाजूने आणि गळ्याचा खालून फोटो काढा, शेजारी चप्पल किंवा काठी ठेवा म्हणजे माप कळेल, आणि लगेच वनखात्याला कळवा. जिवंत असेल तर डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी-वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओली चादर टाका, शेपटीला धरून ओढू नका, गर्दी लांब ठेवा आणि आवाज करू देऊ नका, तो आधीच खूप ऐकून आलेला असू शकतो.

वही

शेवटचं, वही कशी ठेवायची. प्रत्येक ओळीत वर आल्याची वेळ, बुडाल्याची वेळ, किती जण, कोणती जात, कोणत्या दिशेला किती मुठी, समुद्र कसा. श्वास मोजले असतील तर तेही. पिल्लू असेल तर ठळक लिहा. ज्या सकाळी काहीच दिसलं नाही तिचीही ओळ लिहा, किती ते किती बसलो होतो एवढी तरी, नाहीतर दिसल्याच्या आकड्यांना काही किंमत राहत नाही. आणि निघायची वेळ झाली, फेरी चुकेल म्हणून कोणी हाका मारतंय, आणि नेमकं तेव्हाच ते बुडाले, तरी ती बुडाल्याची वेळ लिहून मगच उठा. माझ्या वहीत शेवटची नोंद १२.१७ ची आहे, त्यापुढची जागा रिकामी आहे.